नाथसागर वाचवायचा तर पैसा कोण देतं, कोण देत नाही : तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

जायकवाडीबद्दल काही पण लिहिलं की मेसेज सुरू होतात, पैठणहून, गंगापूरहून, शेवगाव-नेवाशाकडून, आणि संभाजीनगरातून तर सगळ्यात जास्त, कारण तिथं धरण उशाला असून नळाला आठवडा-आठवडा पाणी नसतं. प्रश्न बरेचसे तेच तेच असतात म्हणून एकदाच इथं बसून लिहून काढतोय. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला तर तिकडं बघा असं लिहिलंय, परत परत तेच सांगत बसलो नाही.

नाथसागर आणि जायकवाडी एकच का? मग याला तलाव म्हणायचं का धरण?

एकच. गोदावरीवर पैठणला जे धरण बांधलं ते जायकवाडी आणि त्याच्या मागं जो जलाशय पसरलाय तो नाथसागर, नाथ महाराजांच्या नावानं. जायकवाडी हे खरं तर बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव, सुरुवातीला धरण तिकडं होणार होतं, नंतर जागा बदलून पैठणला आली पण नाव तेच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. शंकरराव चव्हाणांनी हा प्रकल्प लावून धरला नसता तर आज मराठवाड्यात काय परिस्थिती असती याचा विचारच करवत नाही.

तलाव का धरण हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही बरं का, पैसे मिळायचे का नाही ते यावरच अडतं. ते खाली केंद्राच्या योजनेच्या प्रश्नात सविस्तर आहे.

पेपरात "जायकवाडी 40 टक्के" असं येतं ते कशाचे टक्के?

जिवंत साठ्याचे. धरणाचा एकूण साठा 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे जवळपास 102 टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला 738 दलघमी म्हणजे 26 टीएमसी मृतसाठा, तो कालव्यात येत नाही. उरलेला 2171 दलघमी, 76 टीएमसीच्या वर, हा जिवंत साठा आणि टक्के त्याचे मोजतात. म्हणून "शून्य टक्के" झालं तरी धरणात पाणी दिसतं, 2016 च्या उन्हाळ्यात तसंच झालं होतं, मृतसाठ्यातून उपसा करून शहरं जगवली.

पण पक्षी, मासे, काठची माणसं यांच्या दृष्टीनं मृतसाठा हाच खरा तलाव आहे, कारण दुष्काळी वर्षात मे महिन्यात तेवढाच उरतो. आणि त्याचा हिशोब कुणाच्याच टक्क्यात येत नाही.

एवढ्या मोठ्या जलाशयाचा मालक कोण? तक्रार नेमकी कुणाकडं करायची?

इथंच सगळं घोडं अडलंय. पूर्ण भरला की साधारण 350 चौरस किलोमीटरचा पसारा, आणि त्याच्यावर किती जणांचा हात आहे बघा. धरण, दरवाजे, कालवे आणि पाणी हे जलसंपदा खात्याचं, म्हणजे गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचं. पाण्यावर बसणारे पक्षी वन खात्याच्या वन्यजीव विभागाचे, कारण 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याची. पाणी घाण झालं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. शहराचा उपसा महापालिकेचा, कारखान्यांचा एमआयडीसीचा. कुणाला किती पाणी आणि काय दरानं हे ठरवणार महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबईत बसून. त्यात जलाशय दोन जिल्ह्यांत विभागलेला, पैठण-गंगापूर संभाजीनगर जिल्ह्यात आणि शेवगाव-नेवासा अहिल्यानगरात, म्हणजे महसूल विभाग पण दोन, एक संभाजीनगर आणि एक नाशिक.

यातल्या प्रत्येकाला पाण्यातून काहीतरी पाहिजे किंवा कशावर तरी नियंत्रण पाहिजे. पण हा जलाशय तलाव म्हणून 50 वर्षांनी कसा राहील हे बघणं एकाचंही काम नाही. माझं सगळं म्हणणं यातच आलं, नाथसागरासाठी एकच प्राधिकरण पाहिजे, दोन्ही जिल्ह्यांचं मिळून, आणि त्याच्या नावानं बजेटात स्वतंत्र हेड, म्हणजे लेखाशीर्ष पाहिजे. तोपर्यंत तक्रार विषयाप्रमाणे करा: मेलेले मासे किंवा फेसाळ पाणी दिसलं तर प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात, शिकार किंवा जाळ्यात पक्षी अडकले तर वन्यजीव विभागात, बेकायदा मोटारी आणि भराव दिसले तर पाटबंधारे शाखेत. आणि प्रत्येक तक्रारीची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, नाहीतर तुम्हाला इकडून तिकडं फिरवत राहतील.

आम्ही पाणीपट्टी भरतो, कारखाने तर केवढी भरतात, त्यातून तलावाला काहीच मिळत नाही का?

नाही मिळत, म्हणजे तलाव म्हणून नाही. 2005 च्या प्राधिकरण कायद्यात पाण्याचा दर कसा ठरवायचा याचं तत्त्व आहे, सिंचनाचं व्यवस्थापन, आस्थापना आणि देखभाल-दुरुस्तीचा खर्च वसूल व्हावा एवढं. म्हणजे तुमचा पैसा पगार, दरवाजे, कालव्याची दुरुस्ती, वीजबिल यात जातो. काठावरची झाडं, पाण्याची तपासणी, गवताळ पट्टे, पाणथळ जागा, याचा खर्च त्या गणितात धरलेलाच नाही.

पूर्वी अजून एक वाट होती. 1977 च्या कायद्यानं कारखाने आणि नगरपालिकांकडून पाण्याच्या वापरावर उपकर घ्यायचे आणि तो प्रदूषण मंडळांच्या कामाला जायचा. 2017 ला जीएसटी आला तेव्हा तो उपकरच रद्द झाला. वापरणाऱ्याकडून घेऊन पाण्याच्या रक्षणाला लावायचा तो एक सरळ रस्ता होता, तो बंद झाला आणि कुणी साधी चर्चा पण केली नाही.

माझं मत स्पष्ट आहे, औद्योगिक पाण्याच्या दरात हजार लिटरमागं थोडे पैसे "जलाशय रक्षण" म्हणून वेगळे ठेवले तर कुठलाही कारखाना बंद पडणार नाही. शेतकऱ्याच्या दरात मात्र हात घालू नये.

मग आत्ता जो काही पैसा येतो तो कुठून येतो?

तुकड्या-तुकड्यात येतो. अभयारण्य म्हणून वन्यजीव अधिवास विकासाची जी केंद्र पुरस्कृत योजना आहे त्यात केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. कॅम्पा म्हणजे वनजमीन गेल्याच्या मोबदल्यात जमा होणारा निधी, 2016 च्या कायद्यानं त्यातला 90 टक्के राज्याला मिळतो. जिल्हा नियोजन समितीतून पर्यटन, रस्ता, निरीक्षण मनोरा अशी कामं होतात. आणि जलसंपदा खात्याचा देखभालीचा पैसा, तो धरणाच्या भिंतीचा आणि कालव्यांचा.

तुम्ही बारकाईनं बघा, यातला जास्तीत जास्त पैसा दिसणाऱ्या कामावर जातो. मनोरा बांधला की फोटो निघतो. काठचं बेशरम नावाचं झुडूप काढलं, नाल्याच्या तोंडाला सांडपाणी अडवलं, दर महिन्याला पाणी तपासून आकडे गावाला सांगितले, याचा फोटो निघत नाही म्हणून त्याला पैसाही निघत नाही.

केंद्राची तलाव संवर्धन योजना आहे ना, मग नाथसागराला का लागू होत नाही?

योजना आहे. आधी दोन होत्या, एक पाणथळ जागांसाठी आणि एक तलावांसाठी, 2013 ला त्या एकत्र करून जलीय परिसंस्था संवर्धनाची राष्ट्रीय योजना केली, एनपीसीए म्हणतात तिला. त्यात पण 60:40. राज्यानं प्रस्ताव पाठवायचा, सोबत एकात्मिक व्यवस्थापन आराखडा जोडायचा, मग पैसा. नाथसागराचं गाडं आराखड्यापाशीच अडतं, कारण तो करणार कोण? (वरचा मालकाचा प्रश्न वाचा.)

दुसरी अडचण कायद्याची आहे आणि ती फार कमी लोकांना माहिती असते. 2017 चे पाणथळ जागा नियम आहेत, त्यात पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेत. वरून जिथं वन्यजीव कायदा लागू आहे त्या जागा पण वगळल्यात, कारण त्यांना आधीच संरक्षण आहे असं धरलंय. नाथसागर दोन्हीकडून वगळला जातो. बांधलेला म्हणून वगळला आणि अभयारण्य म्हणून पण वगळला. मग राहिला वन्यजीव कायदा, तो पक्ष्याला आणि जागेला संरक्षण देतो, पण तलावाचं पाणी, गाळ, वरून येणारी घाण, याचं व्यवस्थापन कसं करायचं ते त्या कायद्याचं काम नाही.

नांदूर मधमेश्वर पण बंधाराच आहे, तो रामसर झाला, आपला का नाही?

खरंय. तो गोदावरीवरच आहे, आपल्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात, आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तोच. नंतर 2020 ला लोणार झालं आणि 2022 ला ठाण्याची खाडी. म्हणजे माणसानं बांधलेलं असलं तरी रामसर होता येतं, आडकाठी नाही. नाथसागरावर हिवाळ्यात पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, कांड्या करकोचे उतरतात, फ्लेमिंगो येतात, उथळ बेटं आहेत, दावा करायला सगळं आहे.

पण रामसर झालं की आपोआप पैसा येतो असं नाही, हे नीट समजून घ्या. तो दर्जा आहे, निधी नाही. फायदा असा की एनपीसीएसारख्या योजनेत मागणीला वजन येतं, 2023 ला केंद्रानं रामसर जागांसाठी अमृत धरोहर सुरू केली तशा योजनांत नाव येतं, आणि व्यवस्थापन आराखडा करावाच लागतो. मला तर तो आराखडाच सगळ्यात मोलाचा वाटतो. जलसंपदा खात्याला भीती असते की दर्जा मिळाला तर पाणी सोडण्यावर बंधनं येतील. ती भीती समोर बसून बोलली पाहिजे, प्रस्ताव नुसता फायलीत ठेवून काय होणार.

वरच्या धरणांतून पाणी सोडायचा 65 टक्क्यांचा नियम काय आहे?

नाशिक-नगरच्या धरणांत आणि जायकवाडीत पाणी समन्यायी वाटायचं हे 2005 च्या कायद्यात आहे, कलम 12 मध्ये. त्यावर मेंढेगिरी समितीनं 2013 ला तक्ता करून दिला आणि प्राधिकरणानं 19 सप्टेंबर 2014 ला आदेश काढला. 15 ऑक्टोबरला हिशोब करायचा, जायकवाडीत जिवंत साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या मुळा, प्रवरा, नाशिकचं गंगापूर, दारणा अशा धरणसमूहांतून त्यांच्या साठ्याप्रमाणं पाणी सोडायचं. 65 टक्के म्हणजे साधारण 50 टीएमसी. 2016 ला मुंबई उच्च न्यायालयानं पण हे तत्त्व मान्य केलं.

2023 ला पाऊस कमी झाला तेव्हा 30 ऑक्टोबरला आदेश निघाला, 8.6 टीएमसी सोडा म्हणून. तिकडून विरोध, कोर्टकचेरी, आणि पाणी नोव्हेंबरच्या शेवटाला निघालं. तेवढ्यात नदीचं पात्र कोरडं पडतं, मग सोडलेल्यातलं बरंच पात्रातच जिरतं आणि मोटारी ओढतात ते वेगळंच. पाणी सोडायचंच आहे तर ऑक्टोबरात पात्र ओलं असताना सोडा, एवढी एक गोष्ट झाली तरी एक रुपया खर्च न करता नाथसागराला काही टीएमसी जास्त मिळेल.

आता ते 65 चं 58 करणार म्हणतात, खरं का?

मेंढेगिरींचा तक्ता परत तपासायला नेमलेल्या मांदाडे समितीनं 58 टक्के सुचवलेत हे खरं. अहवालावर हरकती मागवल्या गेल्या आणि मराठवाड्यातून मोठा विरोध झाला. 7 टक्के ऐकायला कमी वाटतात, पण 76 टीएमसीचे 7 टक्के म्हणजे पाच टीएमसीच्या वर. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्याच वर्षी हा नियम कामाला येतो, त्यामुळं हे पाच टीएमसी नेमके दुष्काळातले आहेत. हरकत लिहायची तर हेच लिहा, आणि त्यात मृतसाठ्यावर जगणाऱ्या पक्ष्या-माशांचा मुद्दा पण घाला, तो कुणी मांडतच नाही.

गाळ काढला तर साठा वाढेल, सरकारची योजना पण आहे, मग जायकवाडीचा गाळ का काढत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" 2017 ला सुरू झाली आणि 2023 ला परत नव्यानं आली. अल्प आणि अत्यल्प भूधारकाला गाळ वाहून नेऊन शेतात पसरायला घनमीटरमागं 35.75 रुपये, एकरी 15,000 पर्यंत, अडीच एकरापर्यंत म्हणजे 37,500 रुपये. विधवा, अपंग, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंब यांना भूधारणेची अट नाही. पण ही योजना 600 हेक्टरपेक्षा कमी लाभक्षेत्राच्या तलावांसाठी आहे. जायकवाडीचं लाभक्षेत्र दीड लाख हेक्टरच्या पुढं. म्हणजे तुमच्या गावचा पाझर तलाव, साठवण तलाव यात बसतो, नाथसागर बसत नाही. गावतळ्याचा प्रस्ताव जरूर करा, वाळू मात्र त्या योजनेत काढता येत नाही, कुणी ठेकेदार गाळाच्या नावाखाली वाळू उचलत असेल तर लगेच तहसीलला कळवा.

मोठ्या धरणाचा गाळ हा वेगळाच विषय आहे. एवढ्या जलाशयाचा गाळ उपसून ठेवायचा कुठं, वाहतुकीचं डिझेल किती, आणि उथळ भागात मशिनी घातल्या तर तिथंच पक्षी चरतात, अभयारण्य आहे, परवानगी लागते. माझं मत असं की गाळ काढण्यापेक्षा गाळ येऊ न देणं स्वस्त पडतं. वरच्या पाणलोटात बांधबंदिस्ती, ओढ्यांच्या काठाला झाडं, गवत. आता हा पैसा मृद व जलसंधारण खात्याकडं, धरण जलसंपदेकडं. परत तोच मालकाचा प्रश्न.

गाळपेर बंद केली तर आम्ही धरणग्रस्तांनी खायचं काय?

हा प्रश्न पाठवणाऱ्यांचा राग मला पूर्ण मान्य आहे. ज्यांना गाळपेर माहिती नाही त्यांच्यासाठी: हिवाळ्यानंतर पाणी मागं सरकतं, ओल्या काळ्या गाळाची जमीन उघडी पडते, तिथं हरभरा, गहू, भाजीपाला, टरबूज घेतात. ही जमीन संपादित झालेली, म्हणजे सरकारची. जलसंपदा खातं ती पूर्वी एकेका हंगामापुरती भाड्यानं द्यायचं, अग्रक्रम धरणग्रस्ताला. पण तीच जमीन अभयारण्याच्या हद्दीत पण येते, आणि तिथं शेती करायला वन्यजीव कायदा आडवा येतो. एक खातं भाडं घेत होतं आणि दुसरं खातं अतिक्रमण म्हणत होतं, मधे शेतकरी.

फेब्रुवारी-मार्चला बॅकवॉटरच्या कडेनं चालत गेलं की काय दिसतं ते सांगतो. पाण्याची कड रोज थोडी मागं जाते, तिच्या मागोमाग मोटारीचा काळा पाइप लांबत जातो, पिकाची शेवटची ओळ पाण्यापासून दहा-पंधरा पावलांवर. तिथंच पंप धुतात, तिथंच औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात, झाकण उघडं. जूनला पाणी वर चढलं की ते सगळं पाण्याखाली जातं. हेच पाणी जॅकवेलला (पाणी उपसायच्या विहिरीत) ओढून शहरात आणि जालन्यात पितात. पक्षी त्याच कडेला चरतात कारण उथळ पाण्यात किडे-शंख तिथंच असतात, आणि माणसं आली की उठून जातात.

सरसकट बंदी मला मान्य नाही. ज्याची जमीन धरणात गेली त्याला त्याच जमिनीवरून हाकलायचं हे कुठल्याच न्यायात बसत नाही. पण बिगर धरणग्रस्त, दुसऱ्याच्या नावावर, ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर लावून शेकडो एकर करणारे पण आहेत, त्यांची बाजू घ्यायचं कारण नाही. मधला मार्ग असा करता येईल: धरणग्रस्तांची गाववार यादी जाहीर लावा, पाण्याच्या कडेपासून ठरावीक पट्टा मोकळा सोडा, बाकीच्यात रासायनिक औषध नाही, आणि जो पट्टा सोडला त्याचा हंगामी मोबदला द्या. हा मोबदला नुकसानभरपाई म्हणून नाही, तलाव राखल्याची मजुरी म्हणून द्या. असा खर्च करायला आज एकही हेड नाही, म्हणून तर स्वतंत्र हेड मागतोय. अभयारण्याच्या हद्दीतलं काहीही करायचं तर वन खात्याची संमती आणि कायद्याची चौकट लागेलच, पण दोन्ही खाती एका टेबलावर आल्याशिवाय ती चौकट पण कुणी तपासणार नाही.

नाथषष्ठीला लाखो लोक येतात, त्यानं नाथसागर घाण होतो का?

नाही. पैठण गाव, नाथांचं समाधी मंदिर, वाळवंट हे सगळं धरणाच्या खालच्या अंगाला आहे. तिथली घाण खाली वाहते, आपेगावच्या दिशेनं, जलाशयात चढत नाही. त्याचं नियोजन झालंच पाहिजे पण तो वेगळा विषय. नाथसागरात येणारी घाण वरून येते, गोदाकाठची आणि प्रवराकाठची शहरं, साखर कारखाने, उसाच्या शेतातलं खत. वारकऱ्याला दोष देणं सोपं असतं म्हणून देतात.

आमचं गाव इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये आलं, आता घर बांधता येणार नाही का? विहीर? शेती?

घाबरू नका. नाथसागराची ईएसझेडची, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या या इको सेन्सिटिव्ह पट्ट्याची अधिसूचना केंद्रानं जुलै 2017 ला काढली. त्यात बंदी कशावर, तर व्यावसायिक खाणकाम, दगडखाणी, क्रशर, प्रदूषण करणारे नवे कारखाने, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं अशा गोष्टींवर. हॉटेल, रिसॉर्ट, मोठी बांधकामं नियंत्रित. चालू शेती चालू राहते, स्वतःच्या जागेत राहायला घर बांधायला नियमाप्रमाणं परवानगी मिळते. सेंद्रिय शेती, पावसाचं पाणी साठवणं याला उलट प्रोत्साहन आहे.

खरी गोम दुसरीकडं आहे. अधिसूचनेनंतर राज्यानं दोन वर्षांत झोनल मास्टर प्लॅन करायचा असतो, गावातल्या लोकांशी बोलून. कुठं काय चालेल ते त्यात गटवार ठरतं. प्लॅन हातात नसला की तलाठी एक सांगतो, वनरक्षक दुसरं सांगतो आणि माणूस चकरा मारतो. ग्रामसभेत ठराव घेऊन प्लॅनची प्रत मागा.

पाण्यावर सोलर पॅनल टाकणार म्हणे, अभयारण्यात हे चालतं कसं?

स्थानिक मच्छीमार समाजाच्या संघटनेनं याला राष्ट्रीय हरित लवादात आव्हान दिलं होतं, सप्टेंबर 2024 ला ते फेटाळलं आणि एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं पण दाद दिली नाही. 2017 च्या अधिसूचनेत अक्षय ऊर्जेला बंदी नाही, उलट प्रोत्साहन आहे, हा मुद्दा तिथं निर्णायक ठरला.

पॅनलच्या बाजूनं बाष्पीभवनाचा मुद्दा देतात आणि तो खोटा नाही. उन्हाळ्यात पसारा 200 चौरस किलोमीटर धरला आणि दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडालं तरी दीड दलघमीच्या वर होतं, म्हणजे दीड हजार एमएलडीच्या (रोजचे दशलक्ष लिटर) वर. संभाजीनगर शहराला इतकी वर्षं दिवसाला दीडशे एमएलडीच्या आतच पाणी मिळत आलंय, म्हणजे शहर पितं त्याच्या दहापट हवेत जातं. पण पॅनल कुठं टाकायचे हा खरा प्रश्न आहे. खोल पाण्यात टाकले तर पक्ष्यांना त्रास कमी, उथळ भागात टाकले तर खाणंच गेलं. मच्छीमारांच्या जाळ्याच्या जागा कुठल्या हे त्यांना विचारल्याशिवाय कुणाला कळणार? आणि वीज विकून जे उत्पन्न येईल त्यातला ठरावीक हिस्सा तलावाच्या रक्षणाला आणि मच्छीमार संस्थांना बांधून द्या, करारातच लिहा. नंतर मागून मिळत नाही.

दुसरीकडं कुठं असं एक प्राधिकरण आणि एक निधी केलाय का, का तुमची कल्पनाच आहे?

केलाय. आपल्याच देशात ओडिशानं 1991 ला चिल्का विकास प्राधिकरण केलं. तिथं समुद्राचं तोंड गाळानं बुजत चाललं होतं, मासे घटले होते, रामसरच्या धोक्यातल्या यादीत नाव गेलं होतं. 2000 ला नवं मुख उघडलं, मासळी परत आली आणि 2002 ला त्या यादीतून नाव निघालं. चिल्का खाऱ्या पाण्याचं, आपलं गोडं, त्यामुळं कामं तीच नसतील. पण खातं कुठलंही असो, जबाबदार एकच, हे घेण्यासारखं आहे.

अमेरिकेत ग्रेट लेक्स नावाच्या पाच मोठ्या तलावांना आठ राज्यं लागतात आणि पलीकडं कॅनडाचा ओंटारिओ प्रांत. 1972 ला दोन देशांनी पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला. 2008 ला आठ राज्यांचा करार कायदा झाला, त्यात खोऱ्याबाहेर पाणी न्यायला थोडे अपवाद सोडून बंदी. आणि 2010 पासून ग्रेट लेक्स रिस्टोरेशन इनिशिएटिव्ह म्हणून वेगळा निधी आहे, वर्षाला 30 कोटी डॉलरच्या आसपास किंवा वर, कृती आराखड्याला बांधलेला. दोन देश एका टेबलावर बसू शकतात तर संभाजीनगर आणि अहिल्यानगर का नाही?

नदीजोडनं पश्चिमेचं पाणी गोदावरीत आलं की हे सगळं सुटेल ना?

पाणी वाढलं तर चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण त्यानं घाण, गाळ, काठ यातलं काही सुटत नाही. आणि ते पाणी यायला जी वर्षं लागतील तोपर्यंत काय?

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? पैसा आहे का?

आहे, वाटतो त्यापेक्षा जास्त. 2021 ते 2026 च्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात 60 टक्के बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता-सांडपाण्यासाठी. काठच्या किती गावांनी नाल्याच्या तोंडाला शोषखड्डे किंवा गाळणी केली? आराखड्यात कामच घेतलं नाही तर पैसा गटारीच्या काँक्रीटमध्ये जातो, आणि ती गटार सरळ जलाशयाकडं सोडलेली असते. पुढच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात सांडपाण्याचं काम नावानिशी घाला. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला विषय ठेवा, तेव्हापासूनच पुढच्या वर्षाची जुळवाजुळव सुरू होते.

वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्या सीएसआर (नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च) देतील का?

देऊ शकतात. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचाच आहे, आणि पर्यावरण, पाण्याची गुणवत्ता, नैसर्गिक साधनांचं जतन हे त्या यादीत बसतं. तुमच्या संस्थेची सीएसआर-1 नोंदणी पाहिजे. झाडं लावतो असं मोघम लिहून जाऊ नका, "अमक्या नाल्याच्या तोंडाला सांडपाणी गाळायची व्यवस्था आणि तीन वर्षं देखभाल" असं मागा, ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेच्या मालकीचा कागद जोडून. पाणी तेच वापरतात, त्यांना मागायला संकोच कशाला?

माहिती अधिकारात नेमकं काय मागू? मागच्या वेळी "माहिती विस्तृत आहे" म्हणून परत पाठवलं.

कारण प्रश्न मोठा विचारला असणार. जोडपत्र "अ" मध्ये अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी नाही, दाखला जोडा. एका अर्जात एकच विषय आणि एकच कालावधी.

वन्यजीव विभागाला विचारा: मागच्या तीन आर्थिक वर्षांत जायकवाडी पक्षी अभयारण्यासाठी कुठल्या लेखाशीर्षाखाली किती मिळाले आणि किती खर्च झाले, कामनिहाय. प्रदूषण मंडळाला: नाथसागरातल्या पाणी तपासणीच्या जागा कुठल्या आणि मागच्या 12 महिन्यांचे अहवाल. जिल्हाधिकारी कार्यालयाला: ईएसझेड संनियंत्रण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं आणि झोनल मास्टर प्लॅनची प्रत. पाटबंधारे विभागाला: गाळपेर जमिनीची गाववार भाडेपट्टा यादी.

30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांच्या स्टॅम्पवर. शेवगाव-नेवाशाच्या लोकांनी जिल्हाधिकाऱ्यांकडचा अर्ज अहिल्यानगरच्या कार्यालयात करायचा, संभाजीनगरला पाठवला तर तो इकडून तिकडं हस्तांतरित होण्यात दिवस जातात. आणि उत्तर आलं की पानं नीट स्कॅन करून पाठवा, मोबाईलवर वाकडा फोटो काढला की आकडे वाचता येत नाहीत.